अभ्यंगात गुण कुणाचा: औषधी तेलाचा की हाताचा?

मोजपट्टी:

औषधी तेलांच्या जाहिरातींत दोन दावे हमखास असतात. तेल हाडांपर्यंत मुरतं आणि शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर काढतं. हे दोन्ही दावे मला मान्य नाहीत. अभ्यंगानंतर, म्हणजे अंगाला तेल चोळून घेतल्यावर, बरं वाटतं यात वाद नाही. पण तो गुण ऊब, दाब आणि अर्धा-पाऊण तास निवांत पडून राहण्याचा आहे. बाटलीतल्या पंचवीस-तीस वनस्पतींचा त्यातला वाटा किती, ते वेगळं काढून दाखवल्याशिवाय साध्या तिळाच्या तेलाच्या अनेक पट पैसे मोजायला लावू नयेत.

त्वचेचा सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा असतो, पण पहारा कडक. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक) जड रेणू अखंड त्वचेतून सहसा आत जात नाहीत आणि तिळाच्या तेलाचा रेणू ८५०-९०० च्या घरात असतो. 'तेल जिरलं' म्हणतो तेव्हा ते वरच्या थरात आणि केसांच्या मुळांशी पसरलेलं असतं, बाकीचं पंचाला लागतं. मालिशीचा उपयोग कितपत, तर कंबरदुखीवरच्या २५ चाचण्यांचा २०१५ चा कॉक्रेन या संशोधन-आढावे घेणाऱ्या संस्थेचा आढावा सांगतो की थोड्या काळापुरता आराम दिसतो, पण पुरावा कमकुवत आहे.

खलबत्ता:

असहमत. ५०० डाल्टनचा नियम बरोबर आहे, पण तो तुम्ही चुकीच्या वस्तूला लावलात. तेल हे वाहन आहे, आतला माल वेगळा. कापूर १५२ डाल्टन, सल्लकी झाडाच्या डिंकातली बोस्वेलिक आम्लं साडेचारशेच्या आसपास. गाडी दाराबाहेर थांबली म्हणून सामान घरात गेलंच नाही असं होत नाही.

तेल सिद्ध करण्याचं, म्हणजे वनस्पती घालून आटवण्याचं, मापही वाऱ्यावर सोडलेलं नाही. कल्क (वनस्पतींचा वाटलेला गोळा) एक भाग, तेल चार, द्रव सोळा. म्हणजे एक लिटर तिळाच्या तेलाला पाव किलो कल्क आणि चार लिटर काढा किंवा दूध. हे मंद आचेवर आटवायचं. भांड्यात पाणी आहे तोवर तापमान शंभराच्या आसपास अडून राहतं. शेवटचं पाणी उडालं की ते झपाट्याने चढतं आणि तिथेच बहुतेक तेलं बिघडतात, कारण दिवसभर ढवळून कंटाळलेला माणूस नेमका त्या दहा मिनिटांत उठून जातो. कल्क करपला की तेलाला जळका वास लागतो, तो गाळून जात नाही.

तेल झालं हे ओळखायचं कसं? तळाचा कल्क चिमटीत घेऊन वळायचा. त्याची वात होत असेल, ती विस्तवावर धरल्यावर तडतडत नसेल आणि तेलावर फेस येऊ लागला असेल, तर पाक झाला. तडतड म्हणजे आत अजून पाणी आहे, असं तेल महिन्या-दोन महिन्यांत खवट होतं किंवा त्याला बुरशी येते. वात मऊ, बोटाला चिकटणारी असेल तर मृदु पाक, तो नस्यासाठी (नाकात थेंब सोडायला). पिण्याला आणि बस्तीला (एनिमाला) मध्यम. कल्क किंचित कोरडा, खरखरीत झाला तर खर पाक, तो अभ्यंगाला. क्षीरबला या बला वनस्पतीच्या तेलात दूध असल्यामुळे साका तळाला धरतो, तो उलथण्याने सतत खरवडत राहावं लागतं.

मोजपट्टी:

पाकाची कृती काटेकोर आहे, मान्य. पण कृती काटेकोर असणं हा परिणामाचा पुरावा होत नाही. शिवाय कापराचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. चार लिटर पाणी आटवताना उडून जाणारी सुगंधी द्रव्यं वाफेबरोबर जाणारच. मग लहान रेणू उरले किती?

खलबत्ता:

म्हणूनच कापूर, केशर उकळत्या तेलात घालत नाहीत. तेल गाळून कोमट झालं की भांड्यात शेवटी मिसळतात, त्याला पात्रपाक म्हणतात. हे ज्याने लिहून ठेवलं त्याला वाफेबरोबर काय जातं ते ठाऊक होतं.

आणि काळाचं माप बघा. सुश्रुतसंहितेवरच्या भाष्यात डल्हण सांगतो की ३०० मात्रांत (मात्रा म्हणजे काळाचं जुनं छोटं माप) तेल केसांच्या मुळांशी, ४०० त त्वचेत, ५०० त रक्तात, ६०० त मांसात, ७०० त मेदात, ८०० त हाडात आणि ९०० त मज्जेत पोचतं. ९०० मात्रा म्हणजे साधारण पाच मिनिटं. शरीराच्या सात स्थितींत (बसून, उताणं, कुशीवर वगैरे) पाच-पाच मिनिटं धरली की पस्तीस मिनिटं होतात.

मोजपट्टी:

पाच मिनिटांत मज्जा? हे शब्दशः घेणार असाल तर चर्चा इथेच थांबते. हात किती वेळ चालला पाहिजे याचं प्रमाण म्हणून घेणार असाल तर मला अडचण नाही.

हातवळण:

तुमच्या दोघांच्या वादात प्रत्यक्ष हात कुठे चालतो ते राहूनच गेलं. मालिश केंद्रात माणसाला गुण येतो किंवा येत नाही तो बहुतेक वेळा पुढच्या गोष्टींमुळे.

तेल थेट गॅसवर नको. वाटी गरम पाण्यात ठेवून तापवायचं, ४० अंशांच्या आसपास, मनगटाच्या आतल्या बाजूला सुखद लागेल इतकंच. पूर्ण अंगाला १०० ते १५० मिली पुरतं, कोरड्या त्वचेला थोडं जास्त. क्रम असा: बसवून, उताणं, डाव्या कुशीवर, पालथं, उजव्या कुशीवर, पुन्हा उताणं, पुन्हा बसवून. लांब हाडांवर लांब हात, सांध्यावर गोल, पोटावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. हात केसांच्या दिशेने. उलटा जोर लावलात की दुसऱ्या दिवशी मांड्यांवर पुटकुळ्या येतात आणि दोष तेलाला लागतो.

कटीबस्ती, म्हणजे कमरेवर पिठाचं कडं करून त्यात गरम तेल धरून ठेवणं, तर सगळ्यात जास्त बिघडते. उडदाचं पीठ इतकं घट्ट हवं की बोट दाबल्यावर ठसा तसाच राहिला पाहिजे. कडं दोन इंच उंच. कडं बसवण्याआधी कमरेला तेल चोळायचं नाही, चोळलं की पीठ धरतच नाही. कंबर कोरड्या फडक्याने पुसायची, कडं दाबायचं, आतल्या बाजूचा सांधा ओल्या बोटाने लिंपायचा आणि मग तेल कडेकडेने सोडायचं. एकदम मध्ये ओतलं तर चटका बसतो, माणूस दचकतो, कडं सुटतं. निवलेलं तेल चमच्याने काढून गरम घालत राहायचं, तीसेक मिनिटं. माणूस खोकला तरी गळती होते, म्हणून सर्दी-खोकल्यात करूच नये.

एक जाता जाता, कारण यावर कुणी बोलत नाही. तेलाचे पंचे नीट न धुता ड्रायरमध्ये टाकून गरम घडी घालून ठेवू नका. तेलकट कापूस आतल्या आत तापत जातो आणि आपोआप पेट घेऊ शकतो.

मोजपट्टी:

हातवळण यांनी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीत ऊब, दाब आणि क्रम आहे. कुठलं तेल, हे एकदाही आलं नाही. माझा मुद्दा तोच.

हातवळण:

तेल बदलल्याने फरक पडतो. जळजळणाऱ्या तळपायांना कोट्टमचुक्कादी तेल लावून बघा, माणूस पाय ओढून घेईल. त्यात सुंठ, वेखंड, लसूण आहे. तिथे पिंड तेल लागतं, मंजिष्ठा, सारिवा, राळ आणि मेणाचं. तेच पिंड तेल थंडीत आखडलेल्या खांद्याला लावलंत तर काही होत नाही.

मोजपट्टी:

झोंबणारी द्रव्यं झोंबतात, हे मान्य. पण मग बाजारातल्या 'झटपट आराम' तेलांचं काय? कितीतरी तेलांत तो आराम गंधपुराच्या तेलाचा असतो, म्हणजे मिथाइल सॅलिसिलेटचा. शुद्ध गंधपूर तेलाच्या एका चमच्यात, ५ मिलीत, सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतकं सॅलिसिलेट असतं. ३२५ मिलिग्रॅमच्या एकवीस-बावीस गोळ्या झाल्या. लहान मूल ते प्यायलं तर जीव जाऊ शकतो. वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असलेल्याने असं तेल रोज गुडघ्यांना चोळलं तर रक्तस्राव वाढू शकतो. 'आयुर्वेदिक आहे, अपाय नाही' हे वाक्य बाटलीवरून पुसलंच पाहिजे. त्वचेतून काही आत जातं हे तुम्ही म्हणता तेव्हा त्याची ही बाजूही तुमचीच.

खलबत्ता:

ती बाजू घेतो, पूर्णपणे. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातही रोज अभ्यंग करा असं सांगितल्यावर लगेच निषेध आहे: कफाने ग्रासलेल्याने, नुकतंच वमन-विरेचन (औषधाने उलटी-जुलाब) झालेल्याने आणि अजीर्ण असलेल्याने करू नये. केंद्रांच्या दरपत्रकावर पहिलं वाक्य तेवढं येतं, दुसरं गळतं.

सगळ्यात जास्त नुकसान आमवातात होतं. सांधा सुजलेला, गरम, सकाळी तासभर आखडलेला आणि भूक मेलेली. त्यावर तेल चोळलं की सूज वाढते. तिथे आधी कोरडा शेक, वाळूच्या पुरचुंडीचा. सूज आणि जडपणा उतरल्यावरच तेल. 'सांधा दुखतो ना, मग महानारायण तेल लावा' हा सल्ला गुडघ्याच्या झिजेला चालतो, आमवाताच्या पहिल्या आठवड्यात मुळीच नाही.

मोजपट्टी:

'आम' (नीट न पचलेल्या अन्नाचा दोष) या संकल्पनेवर आपलं जुळणार नाही, पण सुजलेल्या गरम सांध्याला चोळू नये हे मलाही मान्य. त्यात दोन भर घालतो. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली, दाबल्यावर दुखते आणि माणूस नुकताच शस्त्रक्रियेतून किंवा लांबच्या प्रवासातून आलाय, तर हात लावू नका. शिरेत गुठळी असेल तर चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. आधी सोनोग्राफी. दुसरं, मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्यांना गरम पुरचुंडी. चटका बसला तरी त्यांना कळत नाही, कळतो तो फोड आल्यावर.

आणि पक्षाघात बरा करू, लठ्ठपणा घालवू असे फलक लावणाऱ्यांनी १९५४ चा औषधे व चमत्कारी उपाय कायदा वाचावा. त्याच्या यादीत हे दोन्ही आहेत, जाहिरात करणं हाच गुन्हा.

घाणा:

एकच प्रश्न. क्षीरबला १०१ आवर्ती इतकं महाग असतं. त्याने मालिश केली तर साध्या क्षीरबलेपेक्षा जास्त गुण येतो का?

खलबत्ता:

मालिशीला ते वापरायचंच नसतं. तेच तेल १०१ वेळा सिद्ध करतात, ते नस्याला आणि पोटात, थेंबांच्या मात्रेत. मालिशीला साधं क्षीरबला. कुणी १०१ आवर्तीचा अभ्यंग विकत असेल तर उठून या.

मोजपट्टी, तुम्ही वाटा वेगळा काढा म्हणता. काढूया. कंबरदुखीचे रुग्ण, एका गटाला साधं तीळ तेल, दुसऱ्याला सहचरादी हे औषधी तेल, हात तोच, ऊब तीच.

मोजपट्टी:

वासाचं काय? सहचरादीचा वास पहिल्या थेंबाला कळतो. कुणाला कोणतं तेल मिळालं ते रुग्णालाही कळेल आणि हात चालवणाऱ्यालाही, मग निकालाला अर्थ राहत नाही.

हातवळण:

तीळ तेलही तसंच चार पट पाण्यात आटवून घ्या, म्हणजे रंग आणि दाटपणा थोडा जवळ येईल. दोन्हींत शेवटी सारखाच कापूर मिसळा, वास बराचसा झाकला जाईल. शिवाय खोलीत धूप.

खलबत्ता:

कापूर चालेल, पण दोन्हीकडे मोजून तितकाच, नाहीतर तुम्ही कापराची चाचणी कराल. आणि माझी एक अट. कंबर जड, सकाळी आखडलेली आणि भूक मंद असे रुग्ण आधीच वेगळे काढायचे. त्यांना दोन्ही तेलं त्रासच देतील आणि सरासरीत सगळं वाहून जाईल.

मोजपट्टी:

ती वर्गवारी तेल लावायच्या आधी, कागदावर, दोन वैद्यांनी एकमेकांना न विचारता केली तर अट मान्य. दोघांचं किती रुग्णांबाबत जुळतं, तेही मोजून लिहायचं.