किलोग्रॅमची व्याख्या बदलली, मग बाजारातील वजनांचे काय?

प्रश्न (पालक, ऐरोली): पॅरिसजवळ सेव्र येथे जपलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या दंडगोलाचे वस्तुमान म्हणजे १ किलोग्रॅम, असे आम्ही शिकलो. मुलीच्या अभ्यासात मात्र ही व्याख्या रद्द झाल्याचे वाचले. मग वाशीच्या बाजारातील वजने कशावरून तपासतात?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, ठाणे): तो दंडगोल १८८९ पासून प्रमाण होता, परंतु शंभर वर्षांत तो आणि त्याच्या बहुतेक अधिकृत प्रती यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक आढळला, आणि दंडगोल हीच व्याख्या असल्याने नेमके कोण बदलले हे ठरवण्याची सोयच उरली नाही. माझ्या मते हीच खरी अडचण होती. म्हणून २० मे २०१९ पासून प्लँकच्या स्थिरांकाचे (निसर्गातील एका न बदलणाऱ्या मूलभूत राशीचे) मूल्य कायमचे निश्चित करून किलोग्रॅम त्यावरून ठरवला जातो.

उत्तर (नेरूळ): नवे मूल्य जुन्या किलोग्रॅमशी जुळेल असेच निवडल्यामुळे बाजारात काहीही बदलले नाही. दुकानातील वजने वैधमापन यंत्रणा आपल्या प्रमाण वजनांशी पडताळते आणि ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते. लोखंडी वजनातील शिशावर ठोकलेला पडताळणीचा शिक्का मुलीला अवश्य दाखवा.

उत्तर (शिक्षिका, कळवा): परीक्षेत मात्र वस्तुमान किलोग्रॅममध्ये आणि वजन, म्हणजे वस्तूवरील गुरुत्वाकर्षणाचे बल, न्यूटनमध्येच लिहावे.