न्यूट्रिनो पकडायला अजून पैसा बर्फात घालायचा की समुद्रात?

खारेपाणी
दक्षिण ध्रुवावरचं आइसक्यूब, म्हणजे अवकाशातून येणारे आणि सहसा कशालाही न अडणारे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण पकडायची वेधशाळा, बऱ्याच जणांना माहिती असेल, तरी थोडक्यात सांगतो. अमुंडसेन-स्कॉट स्टेशनजवळ गरम पाण्याच्या झोताने बर्फात अडीच किमी खोल 86 भोकं पाडली आणि त्यात 5160 सेन्सर सोडले, म्हणजे एक घन किमी बर्फ हाच डिटेक्टर. न्यूट्रिनो कुठल्यातरी अणूवर आदळला की त्यातून निघालेले कण बर्फातल्या प्रकाशापेक्षा जास्त वेगाने पळतात आणि निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश पडतो, तो टिपायचा. डिसेंबर 2010 ला काम संपलं, खर्च सुमारे 28 कोटी डॉलर. आता याच्या आठपट मोठं जेन-2 करायचं म्हणतायत आणि माझा त्याला विरोध आहे.

एवढ्या वर्षांत पत्त्यासकट स्रोत किती सापडले बघा. 22 सप्टेंबर 2017 चा तो 290 टीईव्हीचा न्यूट्रिनो (टीईव्ही हे कणांच्या ऊर्जेचं एकक, 1000 टीईव्ही म्हणजे 1 पीईव्ही) आणि टीएक्सएस 0506+056 हा ब्लेझार, म्हणजे आपल्याकडे झोत रोखलेली दूरची दीर्घिका, दोघांचं नातं 3 सिग्माच्या आसपास (सिग्मा जितके जास्त तितकी योगायोगाची शक्यता कमी). मग 2022 च्या पेपरात एनजीसी 1068 दीर्घिकेच्या दिशेने 79 न्यूट्रिनो जास्तीचे, 4.2 सिग्मा. बस. आणि तिकडे सिसिलीजवळ समुद्रात 3450 मीटर खाली केएम3नेट हा पाण्यातला न्यूट्रिनो डिटेक्टर अर्धवट बांधलेला, सेन्सरच्या फक्त 21 केबल सोडलेल्या, तेवढ्यात 13 फेब्रुवारी 2023 ला त्यांना 220 पीईव्हीचा न्यूट्रिनो मिळाला, आजवरचा सगळ्यात जोरदार. मग पुढचा मोठा पैसा पाण्यात का नको?

गोठणबिंदू
पूर्ण असहमत. एका घटनेवरून एवढा मोठा निष्कर्ष? आइसक्यूब त्याहून कितीतरी मोठं आणि कितीतरी जास्त वर्षं चालू आहे, त्याला 10 पीईव्हीच्या वरचा एकही दिसलेला नाही. तसले न्यूट्रिनो खरंच इतके येत असते तर आधी बर्फात दिसायला हवे होते. केएम3नेटवाल्यांच्या पेपरातही ही ओढाताण मान्य केलेली आहे.

आणि समुद्राचं एवढं कौतुक करताना ड्यूमंड विसरलात का? हवाईजवळ समुद्रात डिटेक्टर करायची कल्पना 1976 ची, 1993 ला एक स्ट्रिंग, म्हणजे सेन्सर लावलेली केबल, खाली सोडली तर तिच्यात पाणी शिरलं आणि 1995 ला अमेरिकेने सगळंच गुंडाळलं. म्हणून तर लोक बर्फाकडे वळले! बर्फात एकदा सेन्सर गोठला की संपलं, हलत नाही डुलत नाही, इतक्या वर्षांनी पण 98 टक्क्यांच्या आसपास सेन्सर चालू आहेत.

खारेपाणी
@गोठणबिंदू, एका घटनेचं म्हणाल तर बर्ट आणि अर्नी आठवा, आइसक्यूबचे पहिले दोन पीईव्ही न्यूट्रिनो. दोनच होते तेव्हा पण केवढा गाजावाजा!

आणि बर्फ काचेसारखा स्वच्छ नाहीये. वरच्या भागात हवेचे बुडबुडे म्हणून 1450 मीटरच्या खालीच सेन्सर लावावे लागले, त्यात पुन्हा 2000 मीटरच्या आसपास धुळीचा थर. प्रकाश विखुरतो आणि दिशा धूसर होते. कॅस्केड प्रकारच्या घटनांमध्ये (प्रकाशाची लांब रेघ न दिसता गोळा दिसतो त्या) तर दहा-पंधरा अंशांची चूक, म्हणजे आकाशात वीसेक पौर्णिमेचे चंद्र ओळीने ठेवले तर यातला नक्की कुठला हे सांगता येत नाही. पाण्यात विखुरणं कमी, म्हणून दिशा चांगली. शिवाय आकाशगंगेचं केंद्र दक्षिण आकाशात, ते भूमध्य समुद्रातून पृथ्वीच्या आरपार बघता येतं, आइसक्यूबला मात्र ते कायम क्षितिजाच्या वर असतं आणि वरून तर सेकंदाला 3000 म्यूऑनचा, म्हणजे वातावरणात तयार होणाऱ्या नको असलेल्या कणांचा, पाऊस पडतोय.

गोठणबिंदू
बर्ट-अर्नीनंतर त्याच डेटात नीट शोधल्यावर एकूण 28 घटना निघाल्या म्हणून 2013 ला लोकांनी मानलं. तुमच्या 220 वाल्याचे भाऊबंद कुठे आहेत?

आणि दिशेचं तर बोलूच नका. त्याच घटनेची दिशा दीड अंशाच्या आत सांगता येत नाही, कारण समुद्रात डिटेक्टर नक्की कसा उभा आहे तेच पुरेसं पक्कं नव्हतं. आकाशगंगा पण आइसक्यूबने 2023 ला दाखवली, त्याच धूसर कॅस्केडमधून, 4.5 सिग्मा. समुद्रात पोटॅशियम-40 चा किरणोत्सार आहे, चमकणारे जीव आहेत, ती कटकट बर्फात नाही.

ताळेबंद
तुमचं बर्फ-पाणी चालू द्या पण याचा सामान्य माणसाला उपयोग काय? आपल्याकडे आयएनओ नावाचा 1500 कोटींचा न्यूट्रिनो प्रकल्प तमिळनाडूत थेनीच्या डोंगरात होणार होता, त्याचं काय झालं सगळ्यांनी बघितलं. लोकांना नको होता. अमेरिकेचा पैसा असला तरी पैसाच आहे ना.

चॅम्पियनरीफ
@ताळेबंद काका, आयएनओ आणि हे वेगळं आहे. तिथे लोखंडाच्या थरांचा 50 हजार टनी डिटेक्टर बसणार होता, वातावरणात तयार होणारे कमी ऊर्जेचे न्यूट्रिनो मोजायला. मंजुरी 2015 ची, आणि 2022 ला तमिळनाडू सरकारने सुप्रीम कोर्टात विरोध केला. लोकांना नको होता हे खरं, पण त्यांच्याशी वेळेवर बोललं कोण? किरणोत्सर्गाच्या भलत्याच अफवा पसरेपर्यंत सगळे गप्प. जंगल आणि पाण्याचे प्रश्न मात्र अफवा नव्हते, हेही सांगतो.

आणि उपयोग विचारताय तर 1965 ला कोलारच्या सोन्याच्या खाणीत सव्वादोन किमी खाली आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने जपानी आणि ब्रिटिश लोकांबरोबर वातावरणातले न्यूट्रिनो जगात पहिल्यांदा नोंदवले तेव्हा पण कोणी उपयोग सांगू शकलं नसतं. तरी त्या यादीत आपलं नाव आहे. खाण 2001 ला बंद झाली आणि आपण त्या रांगेतून बाहेर.

ताळेबंद
नाव आहे हा उपयोग झाला का? असो.

रेडिओवाला
दोघेही फक्त प्रकाशावर भांडताय. 220 पीईव्हीसारखे अजून हवे असतील तर एक-दोन घन किमीने काही होणार नाही, बर्फात असो नाहीतर पाण्यात. एवढ्या ऊर्जेला पृथ्वीच न्यूट्रिनोला गिळते त्यामुळे ते जवळपास क्षितिजावरूनच येतात, आणि येतात फारच कमी. त्यासाठी रेडिओ लागतो. टक्कर झाली की बर्फात रेडिओ लहरींचा झटका निघतो, तो थंड बर्फात किमीभर जातो म्हणून अँटेना दूर दूर लावून चालतात. ग्रीनलंडमध्ये 2021 पासून लावतायत, जेन-2 च्या आराखड्यात पण 500 चौ. किमीच्या आसपास अँटेना आहेत. खाऱ्या पाण्यात रेडिओ लहरी काही मीटर पण टिकत नाहीत. म्हणजे @खारेपाणी, ज्या घटनेवरून तुम्ही धागा काढला तसल्या आणखी शोधायच्या तर बर्फच लागेल.

खारेपाणी
हा मुद्दा तगडा आहे, पण मग फक्त रेडिओचा भाग बांधा ना. 120 नव्या स्ट्रिंगसाठी अडीच-अडीच किमीची भोकं कशाला?

गोठणबिंदू
कारण रेडिओला एनजीसी 1068 दिसणारच नाही! तिथले न्यूट्रिनो काही टीईव्हीचे, रेडिओ सुरू होतं त्याच्या हजारो पट खाली. 79 चे सातशे करायचे तर सेन्सरच हवेत.

खारेपाणी
ते 79 पाण्यात मोजा की. केएम3नेटच्या सिसिलीवाल्या डिटेक्टरच्या सगळ्या 230 केबल उतरू द्या, मग बोलू.