मदत हवी आहे: फील्डवरच्या सगळ्यांना एकाच वेळी सर्क्युलर पोचवायला कुठलं ॲप वापरू?

मिऱ्या_किनारा
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. मी एका आंतरराष्ट्रीय बालमदत संस्थेच्या रत्नागिरी ऑफिसात इंटर्नल कम्युनिकेशन बघते. शुक्रवारी संध्याकाळी सहाला एक सर्क्युलर सगळ्या स्टाफला एकदम जायला हवंय आणि कोणी वाचलं, कोणी नाही याची यादी सोमवारी दिल्लीला पाठवायचीय. ईमेल फील्डवरचे लोक उघडत नाहीत, इंट्रानेटवर सगळं इंग्रजीत असतं म्हणून तिकडे कोणी फिरकत नाही, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर ऑफिशियल काही टाकायचं नाही असा वरून नियम आलाय. तर फुकट, मराठी नीट दिसेल, रेंज कमी असली तरी चालेल आणि रीड रिसीट देईल असं एखादं ॲप सांगा. "लोकांना ईमेलची सवय लावा" हे कृपया नको, ते करून झालंय.

खाडीपल्याड
लोक किती? फोन कसले? फील्ड म्हणजे नक्की कुठे? हे काहीच लिहिलं नाहीत तर सांगणार काय. राजापूरच्या आतल्या काही वाड्यांत साधा कॉल लागायला सड्यावर जावं लागतं, तिथे ॲप कुठलंही घ्या, फरक पडत नाही.

कोडवाला_कुडाळ
टेलिग्राम चॅनेल काढा. दोन मिनिटांचं काम, फुकट आहे, फाइल दोन जीबीपर्यंत जाते. आमच्या सोसायटीचं सगळं त्यावरच चालतं.

खाडीपल्याड
चॅनेलवर किती जणांनी बघितलं एवढा आकडा येतो, कोणी बघितलं ते येत नाही. त्यांना यादी हवीय.

कोडवाला_कुडाळ
मग खाली गुगल फॉर्मची लिंक द्या, लोक "वाचलं" म्हणून टिक करतील. आणि व्हॉट्सॲपचा नियम बदलून घ्या खरंतर. ग्रुपमधला मेसेज दाबून धरला आणि इन्फो बघितलं की नावानिशी कळतं कोणी वाचलं, समोरच्याने ब्लू टिक बंद ठेवली असली तरी ग्रुपमध्ये कळतंच. ब्रॉडकास्ट लिस्ट मात्र करू नका, तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच ती जाते.

मिऱ्या_किनारा
लोक चाळीसेक. अर्धे पगारी, बाकीच्या मानधनावरच्या सेंटरताई. रत्नागिरी, राजापूर, गुहागर, दापोली आणि मंडणगड. आंब्याच्या बागांत राखणीला येणाऱ्या नेपाळी कुटुंबांची मुलं आणि हर्णै, मिरकरवाडा इकडच्या बोटींवरच्या खलाशांची मुलं, त्यांच्यासाठी आमची सेंटरं आहेत. फोन सगळ्यांकडे अँड्रॉइड, पण काही ताईंचा फोन दिवसभर नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो.
व्हॉट्सॲपचा नियम उगाच नाही आला. पूर्वी ग्रुपवर मुलांचे फोटो पडायचे, सेंटरच्या नावासकट, आणि ते बाहेर फॉरवर्ड व्हायचे. सेफगार्डिंगच्या, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने तो नियम बरोबरच आहे, त्यावर वाद नको.

मालवणी_माणूस
गो बाय, ॲप खयचा ता इचारतस, पण कागदात काय लिवला हा ता सांगूकच नाय. त्येच्यावर सगळा हा.

मिऱ्या_किनारा
ते गोपनीय आहे शुक्रवारपर्यंत. मजकूर तयार आहे, फक्त पोचवायचाय.

परशुराम_घाट
ताई, थोडं स्पष्ट बोलतो. शुक्रवारी संध्याकाळी सहाला, सगळ्यांना एकदम, वाचल्याची यादी, आणि गोपनीय. मीही याच क्षेत्रात होतो. असं सर्क्युलर पगारवाढीचं नसतं. सेंटरं बंद होतायत का?
मी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन चालवणाऱ्या एका पार्टनर संस्थेत होतो. २०२३ मध्ये हेल्पलाइन संस्थांकडून काढून सरकारकडे गेली. तो निर्णय वरचा होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आमच्या संस्थेने आम्हाला शेवटपर्यंत काही सांगितलं नाही, आम्हाला कळलं ते दुसऱ्या जिल्ह्यातल्या लोकांकडून. रात्री-अपरात्री फोन आला की स्टँडवर मुलाला घ्यायला धावणारी माणसं होती ती. नंतर पीडीएफ आली. ती कोणी उघडली की नाही हे मला आठवत नाही, पण कोण कोणाशी बोलेनासं झालं ते पक्कं आठवतंय.

मिऱ्या_किनारा
अंदाज बरोबर आहे, आता लपवण्यात अर्थ नाही, इथे कोणी मला ओळखत नाही. डोनरने पुढची ग्रँट दिली नाही. दापोली, मंडणगड आणि गुहागर ३१ मार्चला बंद. रत्नागिरी, राजापूर राहणार पण माणसं कमी होणार. मजकूर परदेशातून आलाय, मराठी भाषांतर एजन्सीकडून करून आलंय, त्यातला शब्दही बदलायचा नाही असं सांगितलंय.
आणि मार्चअखेर म्हणजे आंबा उतरायला नुकती सुरुवात. ती मुलं मेअखेरपर्यंत बागेतच असतात, घरचे दिवसभर कामात. सेंटरताई पहिला प्रश्न हाच विचारणार की एप्रिल-मेमध्ये पोरांचं काय, आणि त्या मजकुरात मुलांबद्दल एक ओळ नाही.

ठाणे_ते_थिबा
मी कॉर्पोरेट एचआरमध्ये वीस वर्षं काढलीत म्हणून सांगतो, वरून आलेला मजकूर आहे तसा पाठवा, ठरल्या वेळी पाठवा, स्वतःचं एक वाक्यही घालू नका. एका माणसाला आधी आणि दुसऱ्याला नंतर कळलं की तुमच्यावर शेकतं. सगळ्यांना एकाच वेळी, हा नियम लोकांच्या भल्यासाठीच असतो.

परशुराम_घाट
एकाच वेळी हे मान्य. पण शुक्रवारी सहा म्हणजे शनिवार-रविवार ऑफिस बंद, एचआर फोन उचलणार नाही, आणि मंडणगडची सेंटरताई दोन रात्री विचार करत बसणार की मार्चचं मानधन तरी मिळणार का. हे कसलं भलं?

ठाणे_ते_थिबा
वेळ त्यांनी ठरवलेली नाही. नोकरी त्यांचीही आहे, ती घालवायला सांगू नका कोणाला.

हापूस_शेकीन
माझ्या मामेबहिणीचं एमएसडब्ल्यू झालंय, मुलांबरोबर काम करायची खूप इच्छा आहे. रत्नागिरी ऑफिसात जागा असेल तर कळवा. अर्ज मराठीत चालतो का?

मालवणी_माणूस
अरे हय माणसांका काढतत आणि तू जागा कसली इचारतस. आधी वाच मरे.

गुहागरचा_मास्तर
निवृत्त झेडपी शिक्षक आहे. ॲपमधलं मला कळत नाही, मुलांचं सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे ६ ते १४ वयाच्या कुठल्याही मुलाला जवळच्या शाळेत वयाप्रमाणे वर्गात घ्यावंच लागतं, आणि दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. नेपाळी मुलं आमच्या शाळेत होती, एक मुलगी तर पाढे बाकीच्यांच्या आधी म्हणायची. सेंटरताईंनी आत्ताच, मार्च संपायच्या आत, मुख्याध्यापकांना भेटून याद्या द्याव्यात. अंगणवाडीच्या वयाची असतील ती अंगणवाडीताईंना जोडून द्यावीत. एप्रिलमध्ये सगळे परीक्षांच्या गडबडीत असतात, तेव्हा कोणी ऐकून घेणार नाही.

कोडवाला_कुडाळ
किंवा उरलेले पैसे तिथल्याच एखाद्या छोट्या संस्थेला देऊन टाका ना, ते दोन महिने सेंटर चालवतील.

परशुराम_घाट
ते जमत नाही. २०२० मध्ये एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा बदलला, परदेशी देणगीचे पैसे एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देणं तेव्हापासून बंद आहे. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही तेव्हाच ५० टक्क्यांवरून २० वर आणली, म्हणून अशा वेळी ऑफिसातली माणसं सुटतात आधी. स्थानिक देणगी गोळा केली तर गोष्ट वेगळी.

खाडीपल्याड
मुद्द्यावर या. लोक पाच तालुक्यांत, मंगळवार आज. प्रत्यक्ष जाऊन सांगणं शक्य आहे का ते बघा. निसर्ग वादळ आलं तेव्हा, जून २०२०, दापोली-मंडणगडला वीज नाही, टॉवर नाही, तरी निरोप पोचत होते ते बाइकवरून जाणाऱ्या माणसांमुळे. रत्नागिरीहून जयगड, फेरीबोटीने तवसाळ, गुहागरची बैठक, मग धोपावेला फेरी, दाभोळला उतरून दापोली. मंडणगडवाल्यांना दापोलीला बोलवा.

ठाणे_ते_थिबा
दोन फेऱ्यांच्या भरवशावर वेळापत्रक लावू नका, एक चुकली की दिवस गेला. हायवेने चिपळूण करून जा.

खाडीपल्याड
हायवेने जाऊन गुहागरला यायचं आणि परत दापोलीला वळसा घालायचा? मी दर आठवड्याला जातो त्या फेरीने. गाडी चढते, अर्धा वळसा वाचतो.

हापूस_शेकीन
जयगडच्या फेरीला बाइकचे किती घेतात आता?

समुद्रसखी
एक सुचवू? सेंटरताई आणि मुलांचा एक छोटा व्हिडिओ करा, आठवण म्हणून, तो सर्क्युलरबरोबर पाठवा. लोकांना बरं वाटेल.

परशुराम_घाट
हे कृपया करू नका. वर त्यांनी लिहिलंय फोटो बाहेर गेले म्हणून नियम आला. त्यातली काही मुलं बालकल्याण समितीपुढे गेलेली असू शकतात, त्यांचं नाव, शाळा, फोटो काहीच कुठल्याही माध्यमात उघड करायचं नाही, बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ आहे, सहा महिन्यांपर्यंत शिक्षा किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि निरोपाच्या व्हिडिओत मुलं कशाला? काढून टाकताना भावना हलवायला मुलांना पुढे करणं मला पटत नाही.

समुद्रसखी
माझा हेतू चांगला होता. पण कलमाचं माहीत नव्हतं, बरोबर आहे तुमचं.

परशुराम_घाट
मिऱ्या_किनारा, दिल्लीशी बोलताना "लोकांना वाईट वाटेल" हे नका सांगू, ते त्यांना माहीत आहे. असं सांगा की मजकूर जसाच्या तसा जाईल, पण आधी समोर बसून वाचून दाखवू, सगळ्या ठिकाणी शुक्रवारी सकाळी अकराला एकाच वेळी, प्रत्येक ठिकाणी तिथला को-ऑर्डिनेटर, आणि हजेरीची सही हीच तुमची वाचल्याची यादी. यादीच हवीय ना त्यांना? ॲपच्या टिकपेक्षा सही पक्की. फक्त को-ऑर्डिनेटरना गुरुवारी सांगायची परवानगी मागा, नाहीतर ते बिचारे लोकांसमोर पहिल्यांदाच वाचतील. आणि चार प्रश्नांची उत्तरं लेखी मागून घ्या: शेवटचं मानधन कधी, पीएफचं काय, अनुभवाचं पत्र मिळणार का, आणि मुलांचं पुढे काय. "नंतर कळवू" असं उत्तर असेल तर किती तारखेला कळवू ते लिहून घ्या.

ठाणे_ते_थिबा
मजकूर न बदलता आधी वाचून दाखवणार असाल तर माझी हरकत नाही. परवानगी मात्र मेलवर घ्या, फोनवर नको.

मिऱ्या_किनारा
बोलले. मेलवर आलंय: शुक्रवारी सकाळी अकरा चालेल, को-ऑर्डिनेटरना गुरुवारी दुपारी मीच कॉलवर सांगायचं, मजकूर तोच. मानधन आणि पीएफचं उत्तर आलं, पत्राचं "हो" आलं. मुलांचं उत्तर त्यांच्याकडे नाही, मास्तरांनी सांगितलेलं मी लिहून पाठवलं तर म्हणाले वेगळ्या कागदावर द्या, सर्क्युलरमध्ये नको. चालेल, वेगळा कागद तर वेगळा कागद, प्रत्येक ताईच्या हातात तो असेल. मास्तर, मुख्याध्यापकांना द्यायच्या यादीत काय काय हवं? मी स्वतः दापोलीला जातेय.
एक अडकलंय. मंडणगडच्या दोघी सुट्टीवर आहेत, एकीचं बाळंतपण झालंय, माहेरी आहे. तिला फोनवर सांगू का?

गुहागरचा_मास्तर
मुलाचं नाव, अंदाजे वय, आधी कुठे किती शिकला, कुठल्या बागेत राहतो आणि पालकांना कधीपर्यंत राहायचंय. एवढं पुरे. यादी हातात द्या, मोबाइलवर फिरवू नका. गुहागरच्या शाळांत मी तुमच्या ताईंबरोबर येतो, तसं कळवा.

मालवणी_माणूस
बाळंतिणीक फोन कर, पण अकराच्या आधी नको आणि नंतरय उशीर नको. आणि तिच्या घरच्यांकडे निरोप ठेवू नको, तिकाच सांग.

खाडीपल्याड
आणि दापोलीला एचआरच्या माणसाला सोबत न्या. फोन स्पीकरवर ठेवून उत्तरं देऊ म्हणाले तर ऐकू नका, रेंज गेली की ताई तुमच्याच तोंडाकडे बघणार. सकाळची फेरी पकडा.