परिसरभेटीचे अनुभव : नेमकं काय केलं, कुठे अडलं?

पहिली ते चौथीच्या मुलांना शाळेबाहेर नेणाऱ्यांनी लिहावं. मुलांना मजा आली हे गृहीतच आहे. तयारी, वेळ आणि अडचणी सांगा.

खडूफळा : आठवडी बाजाराला सकाळी, पालं लागत असतानाच न्या. तेव्हा विक्रेत्यांना बोलायला सवड असते. गिऱ्हाईक वाढलं की मुलं पायात येतात. पाच जणांचा गट, गटाला 50 रुपये, तेही सुट्टे. ‘भाव विचारून या’ एवढंच सांगितलं तर शेजारच्या गटाची वही बघून सगळे तेच आकडे उतरवतात. म्हणून प्रत्येक गटाला वेगळी वस्तू द्या आणि खरोखर विकत घ्यायला लावा. पुस्तकात 250 ग्रॅम, बाजारात पावशेर. पावशेर 15 ला, तर किलो केवढ्याला? मुलं लगेच 60 म्हणतात आणि विक्रेता 50 सांगतो. इथे शिक्षकाने गप्प राहायचं; असं का, हे मुलांनी विक्रेत्यालाच विचारायचं. लोखंडी वजन मिळालं तर उलटं करून दाखवा : तळाच्या खळग्यात शिसं भरलेलं असतं, त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का. शाळेत येऊन भाजी पुन्हा तोला, मात्र पालेभाजी कमी भरली म्हणून कुणाला चोर ठरवू नका. शिंपडलेलं पाणी वाटेत निथळतं.

लालपेटी : पोस्टात नुसतं ‘बघायला’ नेऊ नये. प्रत्येकाने एक पोस्टकार्ड लिहून टाकावं. सगळी कार्डं गावातच गेली तर पिनकोड शिकवायला काही उरत नाही; निम्मी मामाच्या किंवा आत्याच्या गावी पाठवा. पहिला 4 महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला मिळून, शेवटचे तीन अंक त्या पोस्टाचे. पत्ते आदल्या दिवशी घरून लिहून मागवा. बॉलपेनच वापरा, शाई पावसात फुटते. खेड्यातलं शाखा डाकघर दिवसातून काही तासच उघडं असतं, वेळ आधी विचारा.

पाणकणीस : ओढ्याचा वेग तिसरी-चौथीला जमतो. काठाने 10 मीटर दोरी ताणा, दोन्ही टोकांना काठ्या रोवा. वरून संत्र्याच्या सालीचा तुकडा सोडा, खालचा गट सेकंद मोजेल. वाळलं पान नको, त्याला वारा ढकलतो. साल बरीचशी पाण्यात बुडून तरंगत वाहते. तीनदा मोजून मधला आकडा घ्या. मग हेच काठालगत आणि मधोमध करा, फरक मुलांना स्वतः दिसतो. पाणी घोट्याच्या वर नको, आणि पावसाळ्यात अजिबात नको.

हिशेबवही : शाळेतल्या आनंद बाजारात एक गोम असते. कोथिंबीर घरची, म्हणून भांडवल शून्य आणि आलेला सगळा पैसा नफा! वहीत आधी ‘माल केवढ्याचा’ हा रकाना भरून घ्या. घरचा माल असला तरी बाजारभावाने. पालकांना गाळ्यामागे उभं करू नका, तेच सुट्टे परत करतात.

खडूफळा : @हिशेबवही, पटलं. उरलेला माल कुठे धरता?

हिशेबवही : वेगळ्या ओळीत. वड्या उरल्या तर दुसऱ्या दिवशी विकता येतात, मेथी कोमेजते. तिचा तोटा लगेच मांडायचा.

जोडीरांग : संमतीपत्र सगळे घेतात, मोजणी राहते. निघताना, पोचल्यावर, परतताना मोजा आणि जोड्या ठरवून द्या. जोडीदार नाही हे मूलच आधी ओरडून सांगतं.