मदत हवी आहे: ठाण्यात तलवारबाजीच्या वर्गासाठी हॉल

नमस्कार मंडळी. कॉलेजात असताना मी तलवारबाजीच्या इपी प्रकारात स्पर्धा खेळायचे. नंतर कराटे शिकले आणि समोरच्यापासून अंतर राखणं म्हणजे काय, ते तिथे खरं उमगलं. आता मुलांना शिकवायची मनापासून इच्छा आहे. २०२१ला तलवारबाज भवानी देवी टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळली तेव्हापासून सोसायटीतल्या मुली विचारतायत.

अडचण जागेची. पिस्टच (लढतीची अरुंद पट्टी) १४ मीटर लांब, शिवाय टोकांना मोकळी जागा हवी. घोडबंदर रोड किंवा वागळे इस्टेटकडे संध्याकाळी भाड्याने मिळणारा हॉल माहीत आहे का? गुळगुळीत लादी मात्र नको. लंज मारताना, म्हणजे लांब पाऊल टाकून वार करताना, पुढचा पाय सटकला की गुडघा गेलाच.

पतियाळाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून कोणी कोचिंगचा कोर्स केला असेल तर नोकरी सांभाळून जमतो का, तेही सांगा.