पातालपानी–कालाकुंड गाडी: या रविवारी आजीला न्यायचंच

आत्या: पाऊस मस्त लागलाय, इंदूरजवळच्या पातालपानीच्या हेरिटेज गाडीचं या रविवारी करूया का? मागच्या वर्षी आईचे गुडघे दुखत होते म्हणून राहिलं, या वेळी न्यायचंच

पुण्याची ताई: आत्या मी शनिवारी पोचतेय पण खरं सांग, नेटवर बघितलं तर जेमतेम साडेनऊ किलोमीटर आहे, एवढ्यासाठी आजीची धावपळ का?

मोठे काका: अगं बाई साडेनऊ किलोमीटर म्हणून सोडू नकोस. आपली इंदूर-खंडवा-अकोला छोटी लाईन (मीटरगेज) होती ना तिच्यातला घाटाचा तेवढाच तुकडा आता चालू राहिलाय. तुकोजीराव होळकरांनी, दुसरे तुकोजीराव, 1870 मध्ये इंग्रजांना 1 कोटी रुपये कर्जाने दिले होते या लाईनीसाठी, साडेचार टक्के व्याज आणि मुदत 101 वर्षं! अकोल्याला, पूर्णेला, पार हैदराबादच्या काचीगुड्यापर्यंत मीनाक्षी एक्सप्रेस जायची, आपले सगळे वऱ्हाडातले नातेवाईक त्याच गाडीने यायचे. 1968 ला आई लग्न होऊन अकोल्याहून इंदूरला आली ती याच घाटातून

ताई: हे मला माहीतच नव्हतं 😮 मग बंद का केली?

मोठे काका: मोठी लाईन (ब्रॉडगेज) टाकतायत. पण घाटात चढ 1:40 चा आहे, म्हणजे 40 मीटर गेलं की 1 मीटर वर, मोठ्या लाईनला तो झेपत नाही म्हणून ती दुसरीकडून नेतायत आणि हा तुकडा 2018 च्या डिसेंबरपासून हेरिटेज म्हणून ठेवलाय, फार चांगलं केलं. आमच्या लहानपणी घाटाच्या पायथ्याला कालाकुंडला गाडी थांबली की मागून दुसरं इंजिन लागायचं, असा धक्का बसायचा की बाबांच्या कपातला चहा बशीत यायचा, मग दोन्ही इंजिनं मिळून गाडी वर ढकलायची आणि आम्ही बोगदे मोजायचो, चार. खिडकीतून डोकं काढलं की कोळशाची कणी डोळ्यात गेलीच, मग आई पदराला फुंकर मारून डोळा शेकायची

वहिनी: काका 🥹 एक सांगते, तिकिटं जाण्याची आणि येण्याची वेगळी काढावी लागतात, आम्ही मागे फक्त जाण्याची काढली, येण्याची फुल झाली आणि कालाकुंडहून कच्च्या रस्त्याने कोणाच्या तरी जीपमध्ये चोरल गावापर्यंत आलो, पोरं रडकुंडीला. आणि गाडी आता महूहून नाही, पातालपानीहूनच सुटते, तिथपर्यंत कारने जायचं

आत्या: बरं झालं सांगितलंस. धबधब्याजवळ थांबते ना?

वहिनी: हो थांबते, उतरून बघता येतं, 300 फूट खाली पाणी कोसळतं, पण माकडं फार, डबा हातात धरू नका

मोठे काका: आणि पातालपानीला टंट्या मामाच्या, म्हणजे इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिल्लाच्या, मंदिरात आधी नमस्कार करायचा. त्याला 1889 ला जबलपूरला फाशी दिली आणि देह या लाईनीजवळ आणून टाकला असं सांगतात. गाडी तिथे घाट उतरण्याआधी ब्रेक तपासायला थांबायची, लोक म्हणायचे मामाला सलामी देते. बाबा पण हात जोडायचे, मी पण जोडतो

वहिनी: आजींनी आत्ता सगळं वाचून घेतलं, बोलतायत ते मी टाईप करते: "माझे गुडघे बिघडे काही सांगू नका मी येणार. लग्नाच्या वेळी कालाकुंडला मामंजींनी पळसाच्या पानात कलाकंद आणला होता, गरम होता अजून, हाताला तूप लागलं आणि नवीन शालूला पुसू कुठे कळेना, तशीच मूठ धरून इंदूरपर्यंत आले. तो कलाकंद मला पाहिजे"

ताई: आजीीीी ❤️ आत्या माझं पण काढ

आत्या: सात जणांची काढते, दोन्हीकडची. आईला खिडकी