गणितवाल्यांनी फिजिक्स कुठून सुरू करावं?

अनंतश्रेणी:
एमएस्सी गणिताच्या पहिल्या वर्षाला आहे. बारावीत फिजिक्स होतं, पण सीईटीपुरतंच. आता डिफरन्शियल जॉमेट्रीच्या तासाला सर सारखी मेकॅनिक्सची उदाहरणं देतात आणि मी नुसती मान डोलावते. मुळापासून शिकायचंय. पण पुस्तक उघडलं की 'डीएक्स हा छोटासा तुकडा घ्या' येतं आणि डोकं फिरतं. व्याख्या-प्रमेय-सिद्धता अशा शिस्तीतलं काही आहे का?

खटपट्या:
आर्नोल्डचं 'मॅथेमॅटिकल मेथड्स ऑफ क्लासिकल मेकॅनिक्स'. दुसरं काही बघूच नका. गॅलिलियन ग्रुपपासून सुरुवात, पुढे मॅनिफोल्ड्स, सिम्प्लेक्टिक फॉर्म्स. तुमच्या सरांची उदाहरणं बहुधा तिथलीच असणार.

जडत्व:
पुस्तक थोरच, पण पहिलं नको. ते वाचून हॅमिल्टोनियन फ्लो कळेल, पण उतारावरून घरंगळणाऱ्या नळकांड्याचं त्वरण काढता येईलच असं नाही. आधी क्लेपनर-कोलेन्कोव घ्या. मेकॅनिक्सचंच आहे, एमआयटीत शिकवताना तयार झालेलं. कॅल्क्युलस येतं तेव्हा वाचन भराभर होईल, वेळ जाईल तो गणितं सोडवण्यात, आणि तो जाऊ द्यावा. कोनीय संवेगाची प्रकरणं तर अजिबात गाळू नका.

'छोटासा तुकडा' याबद्दल. फिजिक्समध्ये छोटं म्हणजे कशाच्या तुलनेत छोटं, हे दरवेळी विचारायचं. एक मीटर दोरीचा लंबक घ्या. आवर्तकाल साधारण २ सेकंद. २० अंशांवरून सोडला तर साईन थीटाच्या जागी थीटा घेतल्याने आवर्तकालात जेमतेम ०.८ टक्के फरक पडतो. गणितवाला लगेच अचूक उत्तरासाठी एलिप्टिक इंटिग्रल मांडून बसतो. फिजिक्सवाला विचारतो, माझ्या स्टॉपवॉचला हे दिसेल का? एका हेलकाव्यात नाही दिसणार. शंभर हेलकावे मोजले तर दीड सेकंदाचा फरक, तो दिसेल. (हवेमुळे झोका कमी होत जातो, तेही मग हिशेबात घ्यावं लागतं. इथून खरं फिजिक्स सुरू होतं!) ही सवय प्रमेयांच्या पुस्तकातून लागत नाही.

खटपट्या:
बरं, मान्य. पण मग लँडाऊ-लिफ्शिट्झचा पहिला, मेकॅनिक्सचा खंड तरी? सुरुवातच लीस्ट ॲक्शनच्या तत्त्वापासून आहे, आणि पुस्तक केवढंसं!

जडत्व:
केवढंसं आहे म्हणूनच भीती. दुसऱ्या फेरीत.

चुंबकसुई:
मेकॅनिक्सवरच थांबू नका, विद्युत-चुंबकत्वावरचं पर्सेलचं पुस्तक वाचा. स्टोक्सचं प्रमेय आधीच येत असल्याने तुम्हाला ते फार आवडेल. विद्युतभार आणि विशेष सापेक्षता एवढ्यावरून चुंबकीय बल कसं निघतं ते त्यात दाखवलंय. आमच्या कॉलेजात हे कुणी सांगितलंच नव्हतं. दुसरी आवृत्ती सीजीएस एककांत आहे, २०१३ची तिसरी एसआयमध्ये. तिसरीच घ्या, नाहीतर सूत्रांमधल्या 4π चे घोळ निस्तरत बसाल.
व्हिडिओ हवे असतील तर एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांच्या उपक्रमात आयआयटी मद्रासच्या बालकृष्णन सरांची क्लासिकल फिजिक्सची व्याख्यानं आहेत. फाइनमनची व्याख्यानं कॅलटेकच्या साइटवर फुकट वाचता येतात, पण ती झोपण्यापूर्वी. त्यांच्यावर अभ्यास उभा करू नका.

अनंतश्रेणी:
सगळ्यांचे आभार. क्लेपनर लायब्ररीत आहे, उद्याच काढते. नळकांड्याचं त्वरण आत्ता करून पाहिलं, भरीव असेल तर दोन तृतीयांश जी साईन थीटा (थीटा म्हणजे उताराचा कोन). बरोबर?

जडत्व:
बरोबर. आता पोकळ घ्या, आणि आधी अंदाज सांगा, मग सोडवा.